लॅपटॉपची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

लॅपटॉप पसंत पडतो, पैसे द्यायची वेळ येते आणि विक्रेता विचारतो, "वॉरंटी वाढवून घ्यायची ना? तीन वर्षं काही बघायला नको." नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे ती वाढीव रक्कम किरकोळ वाटते. ऑनलाइन घेताना हाच प्रश्न एका छोट्या चौकटीतून येतो. उत्तर हो असो वा नाही, ते दहा सेकंदांत दिलं जातं.

ऑफिसातल्या लॅपटॉपांची देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोकही वॉरंटीचे प्रश्न घेऊन येतात. दोन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. "वॉरंटी घेतली होती, तरी क्लेम नाकारला" ही एक, आणि "वॉरंटी संपली आणि पुढच्याच महिन्यात मदरबोर्ड गेला" ही दुसरी. दोन्हींच्या मुळाशी चूक एकच असते. योजनेची किंमत सगळ्यात आधी पाहिली जाते आणि ती नेमकी कशासाठी आहे हे बिघाड झाल्यावर कळतं. म्हणून खालच्या क्रमात किंमत थेट चौथ्या टप्प्यावर येते.

सावधान : बिल करतानाच ठरवायला हवं, असं सहसा नसतं. उत्पादक कंपनीची साधी एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक वेळा मूळ वॉरंटी संपेपर्यंत घेता येते. अपघाती नुकसानीच्या संरक्षणाला मात्र मुदत कमी असते. उदाहरणार्थ, अ‍ॅपलकेअर प्लससाठी अनेक देशांत खरेदीपासून ६० दिवस मिळतात. तुमच्या कंपनीची मुदत किती ते विचारा, तारीख लिहून ठेवा आणि घरी जा.

## टप्पा १ : आधीपासून काय मिळालेलं आहे ते पाहा

सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी, खोक्यावर आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) असतो; डेलच्या लॅपटॉपवर त्यालाच सर्व्हिस टॅग म्हणतात. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर सपोर्ट विभागात तो टाका आणि तीन गोष्टी कागदावर उतरवा: वॉरंटी सुरू झाल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि सेवेचा प्रकार.

सुरू झाल्याची तारीख बिलावरच्या तारखेशी ताडून पाहा. काही कंपन्या लॅपटॉप त्यांच्याकडून रवाना झाला त्या दिवसापासून मोजणी धरतात. तो विक्रेत्याकडे चार महिने पडून असेल तर तुमच्या वॉरंटीतले चार महिने तुम्ही न वापरताच संपले. बिल पाठवून तारीख दुरुस्त करून मागता येते. हे काम खरेदीच्या पहिल्या आठवड्यात करा. एक वर्ष उलटल्यावर करायला गेलात तर उगाच वाद होतात.

सेवेचे दोन मुख्य प्रकार आहेत. कॅरी-इन म्हणजे लॅपटॉप तुम्ही सर्व्हिस सेंटरला न्यायचा, ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर तुमच्याकडे येणार. 'नेक्स्ट बिझनेस डे' असं लिहिलेलं असलं म्हणजे चोवीस तासांत दुरुस्ती, असा त्याचा अर्थ नाही. आधी फोनवर तपासणी होते, कोणता भाग लागणार ते ठरतं, तो उपलब्ध असावा लागतो, आणि मग पुढच्या कामाच्या दिवशी इंजिनिअर पाठवायचं असतं.

घरगुती लॅपटॉपांना बहुधा १ वर्षाची मूळ वॉरंटी असते. व्यावसायिक मालिकांतल्या अनेक मॉडेलांना ३ वर्षांची असते आणि ते विकत घेणाऱ्यालाच ठाऊक नसतं. बॅटरीचा नियम वेगळा: लॅपटॉपला ३ वर्षं असली तरी बॅटरीला बऱ्याचदा १ वर्षच मिळतं.

आणखी दोन ठिकाणी डोकावून घ्या. काही क्रेडिट कार्डांवर त्या कार्डाने घेतलेल्या वस्तूंची वॉरंटी आपोआप वाढते. घरातल्या सामानाचा विमा असेल तर त्यात लॅपटॉप धरलेला आहे का, तेही पाहा. आणि देशाचा कायदा काय देतो ते विसरू नका. युरोपीय संघात नव्या वस्तूतल्या दोषांबद्दल विक्रेत्याला किमान २ वर्षं जबाबदार राहावं लागतं. तिथे दुसऱ्या वर्षासाठी पैसे मोजण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

तपासा : मूळ वॉरंटी नेमकी कोणत्या तारखेला संपते, हे तुम्हाला न पाहता सांगता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : कशाची भीती आहे ते तीन रकान्यांत लिहा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू या. लॅपटॉपला काहीही झालं तरी ते तीनपैकी एका रकान्यात बसतं.

बिघाड. तुम्ही काही न करता भाग बंद पडला. मदरबोर्ड मेला, एसएसडी दिसेनाशी झाली, पंखा अडकला, स्क्रीनवर आपोआप उभी रेघ आली. साधी एक्स्टेंडेड वॉरंटी फक्त या रकान्यासाठी असते.

अपघात. लॅपटॉप पडला, पाणी सांडलं, झाकण मिटताना मध्ये पेन राहिलं आणि स्क्रीन तडकली. यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. चोरी आणि हरवणं तर बहुतेक वेळा त्यातही येत नाही.

झीज. बॅटरीची क्षमता कमी होणं, कळांवरची अक्षरं पुसणं, रबरी पाय निघणं. यातलं फारसं कुणी भरून देत नाही. अपवाद आहेत: अ‍ॅपलकेअर प्लसमध्ये बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली तर ती बदलून मिळते.

आता मागच्या पाच-सहा वर्षांत तुमच्या आणि घरच्यांच्या लॅपटॉपांना काय काय झालं ते आठवा आणि योग्य त्या रकान्यात लिहा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे करायला लावतो तेव्हा बहुतेकांचा 'अपघात' रकाना भरतो आणि 'बिघाड' जवळपास रिकामा राहतो. तरीही त्यांनी साधी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली असते. पाणी सांडायची भीती आहे आणि संरक्षण मदरबोर्डच्या दोषाचं घेतलंय, अशी ती गल्लत.

दोन रकान्यांमधली सीमा सर्व्हिस सेंटरवाले ठरवतात, आणि ती कशी ठरते हे मी माझ्याच लॅपटॉपवर पाहिलं आहे. झाकण उघडताना उजव्या बिजागरीतून कट असा आवाज यायचा. दीडेक महिना मी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस बिजागरीपाशी स्क्रीनची चौकट उचकटली. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू होती, म्हणून निर्धास्तपणे घेऊन गेलो. इंजिनिअरने लॅपटॉप दिव्याखाली तिरका धरला, झाकणाच्या कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि केसाएवढी एक चीर दाखवली. "पडला होता का?" मला तरी आठवत नव्हतं. जॉबशीटवर 'फिजिकल डॅमेज' लिहिलं गेलं आणि क्लेम तिथेच संपला. बिजागरी घट्ट झाली की तिचा ताण प्लास्टिकवर येतो आणि प्लास्टिक तडकतं, हे खरं आहे. पण चीर पडल्यावर ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पहिल्यांदा आवाज आला त्याच आठवड्यात नेला असता तर ते 'बिघाड' ठरण्याची शक्यता नक्कीच जास्त होती.

सर्व्हिसवाल्यांच्या बोलण्यात यासाठी 'सीआयडी' हा शब्द ऐकू येईल. ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, असा त्याचा अर्थ. पाण्याच्या बाबतीत तर वादच नसतो. अनेक लॅपटॉपांच्या आत ओल लागली की रंग बदलणारे छोटे स्टिकर असतात. "काही सांडलं नव्हतं" हे वाक्य त्यांच्यापुढे टिकत नाही.

सावधान : "सगळं कव्हर होतं" असं कुणी तोंडी सांगितलं तर एकच प्रश्न विचारा: "पाणी सांडून कीबोर्ड गेला तर?" आणि उत्तर कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा.

## टप्पा ३ : दुरुस्तीला खरोखर किती लागतात ते विचारा

अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा, पूर्ण मॉडेल नंबर सांगा आणि चार भागांचा अंदाज मागा: मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी. मजुरी आणि तपासणीचं शुल्क वेगळं आहे का, तेही विचारा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये काय काय मदरबोर्डला कायमचं जोडलेलं आहे, हे इथेच कळून घ्या. पातळ लॅपटॉपांत रॅम बऱ्याचदा बोर्डवरच सोल्डर केलेली असते. अशा वेळी रॅममधल्या दोषासाठीही अख्खा बोर्ड बदलतात. कीबोर्डचंही तसंच: काही मॉडेलांत तो वरच्या पूर्ण आवरणाला रिव्हेटनी ठोकलेला असतो, म्हणून एका कळीसाठी सगळं आवरण बदलावं लागतं. जाड, जुन्या धाटणीच्या लॅपटॉपात रॅम, एसएसडी आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येतात. असा लॅपटॉप असेल तर एक्स्टेंडेड वॉरंटीची गरज तिथेच बरीच कमी होते.

## टप्पा ४ : आता किंमत, आणि साधी आकडेमोड

लॅपटॉपची किंमत १०० धरा म्हणजे कोणत्याही चलनात हिशेब चालेल. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे टप्पा ३ मधून येतील.

समजा, योजना १२ ला मिळते आहे आणि तिच्यावर '३ वर्षं' लिहिलंय. पहिला प्रश्न: यात मूळ वॉरंटीचं वर्ष मोजलंय का? बहुधा मोजलेलं असतं. म्हणजे १२ मध्ये तुम्ही दोनच वर्षं विकत घेता, वर्षाला ६. विक्रेता तिनाने भागून ४ सांगेल.

पुढे योजनेच्या किमतीला दुरुस्तीच्या खर्चाने भागा. मदरबोर्ड ४५ ला पडत असेल तर १२ भागिले ४५, म्हणजे साधारण २७ टक्के. अर्थ असा की त्या दोन वर्षांत तुमचा मदरबोर्ड जाण्याची शक्यता २७ टक्क्यांहून जास्त असेल तरच योजना पैशांत परवडते. तुमच्यासारख्या चार लॅपटॉपांपैकी एकाहून अधिकाचा बोर्ड जायला हवा. फक्त २० च्या स्क्रीनसाठी घेत असाल तर ६० टक्के, आणि ते तर पटण्यासारखंच नाही.

इथे एक दुरुस्ती करायची असते, ती बहुतेक जण विसरतात. तिसऱ्या वर्षी तुमचा लॅपटॉप १०० चा राहिलेला नसतो. तसाच वापरलेला लॅपटॉप तेव्हा ३५ ला मिळत असेल तर ४५ देऊन बोर्ड कुणी बदलणार नाही. म्हणून भागताना दुरुस्तीचा खर्च आणि वापरलेल्या लॅपटॉपची तेव्हाची किंमत यांतला लहान आकडा घ्या. १२ भागिले ३५, म्हणजे ३४ टक्के. प्रत्येक क्लेमला ठरावीक रक्कम भरावी लागत असेल तर ती या लहान आकड्यातून आधी वजा करा. टक्का आणखी चढेल.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडांचा एक ओळखीचा आकार असतो. कारखान्यात राहून गेलेले दोष सुरुवातीच्या काही महिन्यांत बाहेर पडतात, मधला काळ शांत जातो आणि मग झिजेचे बिघाड सुरू होतात. पहिला भाग मूळ वॉरंटीतच निघून जातो. दुसरं-तिसरं वर्ष बहुतेकदा त्या मधल्या शांत काळात पडतं.

मग घ्यावी कुणी? माझं मत असं. लॅपटॉप महाग आहे, सगळं बोर्डवर सोल्डर केलेलं आहे आणि अचानक मोठा खर्च आला तर तो पेलणार नाही, अशांनी उत्पादकाची घ्यावी. हिशेबात थोडं नुकसान दिसलं तरी. ज्याचं पोट लॅपटॉपवर आहे आणि दोन आठवडे तो सर्व्हिस सेंटरमध्ये राहिला तर काम हातचं जाईल, त्याने ऑनसाइट सेवेसाठी पैसे मोजावेत. तिथे मोल वाचलेल्या दिवसांचं आहे. रोज पाठीवर लॅपटॉप घेऊन फिरणारा विद्यार्थी असेल तर साधी वॉरंटी सोडून अपघाती संरक्षण पाहावं. मध्यम किमतीचा, घरातच टेबलावर राहणारा लॅपटॉप असेल तर नको. योजनेचे पैसे वेगळे काढून ठेवा. दुरुस्ती निघाली तर त्यातून करा, नाही निघाली तर पुढच्या लॅपटॉपला घाला.

तपासा : तुमचा टक्का काढून झाला? तो पाहून "एवढी शक्यता मला खरीच वाटते" असं म्हणवत नसेल आणि वरच्या अपवादांतही तुम्ही बसत नसाल तर टप्पा ५ आणि ६ सोडून थेट टप्पा ७ वाचा.

## टप्पा ५ : योजना नेमकी कुणाची आहे?

बिलावर विक्रेत्याचं नाव असतं, म्हणून ती कंपनीचीच वॉरंटी असा समज होतो. प्रत्यक्षात तीन प्रकार आहेत: उत्पादकाची, विक्रेत्याची स्वतःची आणि तिसऱ्याच एखाद्या कंपनीने विक्रेत्यामार्फत विकलेली. ओळखायची खूण सोपी आहे. योजना सिरियल नंबरवर नोंदवली जाते आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर वॉरंटी संपण्याची तारीख पुढे सरकते का, ते विचारा. सरकत नसेल तर ती उत्पादकाची नाही.

इतरांची योजना वाईटच असते असं नाही. पण दुरुस्ती कुठे होणार, मूळ कंपनीचे भाग वापरणार का आणि क्लेम कुणाकडे नोंदवायचा, ही तीन उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

सावधान : "तुमची वॉरंटी संपत आली आहे" असा फोन किंवा ईमेल आला तर त्यातल्या लिंकवरून पैसे भरू नका. समोरच्याला मॉडेल माहीत असलं तरीही. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे तारीख पाहा.

## टप्पा ६ : अटी कुठून वाचायला सुरुवात करायची

पहिल्या पानापासून वाचू नका, कंटाळून सोडून द्याल. 'काय समाविष्ट नाही' हा भाग आधी काढा आणि टप्पा २ मधला तुमचा कागद शेजारी ठेवून एकेक गोष्ट ताडा. मग या शोधा:

- दुरुस्ती शक्य नसेल तर काय मिळणार? तसाच लॅपटॉप, की घसारा वजा करून रक्कम? घसाऱ्याचा तक्ता असेल तर तिसऱ्या वर्षाचा आकडा पाहा आणि टप्पा ४ मध्ये तोच घाला.
- क्लेम किती वेळा करता येतो? अपघाती संरक्षणात वर्षाला एकच, अशी मर्यादा अनेकदा असते.
- नुकसान झाल्यापासून किती दिवसांत कळवायचं? ही मुदत चुकली की बाकी सगळं फोल.
- बॅटरी आणि चार्जर आहेत का?
- लॅपटॉप विकला तर योजना नव्या मालकाच्या नावावर होते का? दुसऱ्या देशात चालते का?
- योजना रद्द केली तर किती दिवसांत आणि किती पैसे परत?

रॅम किंवा एसएसडी स्वतः वाढवायचा विचार असेल तर त्याबद्दल काय लिहिलंय तेही पाहा. काही कंपन्या चालवून घेतात, मात्र काम करताना तुमच्या हातून तुटलेला भाग कुणीच भरून देत नाही.

## टप्पा ७ : मूळ वॉरंटी संपायच्या एक महिना आधी

एक्स्टेंडेड घ्या किंवा न घ्या, हा टप्पा सगळ्यांनी करा. मोबाइलवर आजच आठवण लावून ठेवा. १ वर्षाची वॉरंटी असेल तर अकरावा महिना.

त्या दिवशी एक तास काढा. प्रत्येक कळ दाबून पाहा. सगळ्या पोर्टमध्ये काहीतरी लावून पाहा, आपण एकच पोर्ट वापरतो आणि बाकीचे मेलेले असतात. कॅमेरा, माइक, दोन्ही बाजूंचे स्पीकर. पूर्ण पांढरा आणि मग पूर्ण काळा पडदा आणून ठिपके शोधा. झाकण सावकाश उघडमीट करा आणि कान द्या. अर्धा तास जड काम चालवून पंख्याचा आवाज ऐका.

बॅटरीसाठी विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'पॉवरसीएफजी', एक जागा, तिरकी रेघ (/) आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. अहवालाची फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्यापेक्षा किती खाली आलाय ते पाहा. मॅकवर हीच माहिती सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थखाली दिसते. वर्षभरात क्षमता निम्म्यावर आली असेल तर ती नेहमीची झीज नव्हे, वॉरंटी आहे तोवर दाखवा.

काही सापडलं तर लगेच तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. दुरुस्तीला वेळ लागला आणि मधेच वॉरंटी संपली तर तो क्रमांक आणि त्यावरची तारीख उपयोगी पडते. एक्स्टेंडेड घ्यायची ठरली असेल तर ती या तपासणीनंतर, पण मूळ मुदत संपायच्या आत घ्या.

## टप्पा ८ : घेतल्यानंतरची कामं

पैसे भरले म्हणजे योजना सुरू झाली, असं समजू नका. काही योजना कोड टाकून आपण सुरू करायच्या असतात, आणि तो कोड ईमेलमध्ये तसाच पडून राहतो. आठ दिवसांनी उत्पादकाच्या किंवा योजना देणाऱ्याच्या संकेतस्थळावर नवी तारीख दिसते का पाहा. दिसली की त्या पानाची प्रत बिलासोबत ठेवा. बिलावर सिरियल नंबर नसेल तर तो घालून मागा.

लॅपटॉपचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, चारही कोपरे आणि दोन्ही बिजागऱ्या जवळून. दर सहा महिन्यांनी पुन्हा काढा.

आणि सर्व्हिसला देण्याआधीची एक गोष्ट. डेटाची जबाबदारी सहसा कोणतीही वॉरंटी घेत नाही, तेव्हा बॅकअप हवाच. पण त्याबरोबर बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, रिकव्हरी की सुद्धा हवी. बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपांत ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. मदरबोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी की मागतं. ती नसेल तर एसएसडी धडधाकट असूनही आतलं काही मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती शोधा आणि कागदावर लिहून घ्या. मॅक असेल तर 'फाइंड माय' (हरवलेला मॅक शोधायची सोय) बंद करून द्या. लॅपटॉप काउंटरवर ठेवलात की जॉबशीटवर लॅपटॉपची अवस्था काय लिहिली आहे ते तिथेच उभं राहून वाचा. जुना ओरखडा 'तडा' म्हणून लिहिला असेल तर दुरुस्त करून घ्या आणि मगच सही करा.